आधी खडक, मग यंत्र

मेटल डिटेक्टरला सोने ओळखता येत नाही. जमिनीत विजेचा प्रवाह वाहून नेणारे काहीतरी आहे, एवढेच त्याला कळते. ते सोन्याचे ढेकूळ असेल, बैलाच्या खुराची पत्री असेल, नाहीतर सोडावॉटरच्या बाटलीचे बूच असेल. सुदानच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या ओसाड माळावर एखादा माणूस दांड्याच्या टोकाची थाळी जमिनीवरून फिरवतो, कानात आवाज येताच वीतभर उकरतो आणि सोन्याचा खडा उचलतो, अशा चित्रफिती आता कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीच्या बाजारपेठेतही मोबाइलवर पाहिल्या जातात. त्या मुलखांत सोने तसे सापडते, हे खरे आहे. मग तेच यंत्र इथे, भुदरगड तालुक्यात, फिरवले तर काय होईल? या प्रश्नाचे उत्तर यंत्रापेक्षा पायाखालच्या खडकात अधिक आहे.

यंत्राचे तत्त्व मायकल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेलेच आहे. थाळीतल्या तांब्याच्या कॉइलमधून सतत बदलणारा प्रवाह सोडला की तिच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. हे क्षेत्र जमिनीतल्या धातूला भिडले की धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात. त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र असते. ते परत वर येते, यंत्र ते टिपते आणि त्याचा आवाज करते. यातला सर्वांत महत्त्वाचा भाग जाहिरातीत कधीच नसतो. कॉइलचे क्षेत्र खाली जाताना अंतराच्या घनाने क्षीण होते आणि ढेकळाचे उत्तर वर येतानाही तसेच घनाने क्षीण होते. म्हणजे एकूण घट अंतराच्या सहाव्या घाताने होते. लहान वस्तू दुप्पट खोलीवर गेली की तिचा संकेत चौसष्ट पटींनी मंदावतो. गव्हाच्या दाण्याएवढे सोने काही इंचांपलीकडे हरवते, ते यामुळेच. हातात धरायचे कोणतेही यंत्र पन्नास फुटांखालचे सोन्याचे नाणे दाखवू शकत नाही. तसा दावा करून यंत्र विकणारा भौतिकशास्त्राच्या विरोधात बोलत असतो.

हे यंत्र वाळवंटात पोहोचले ते सोन्यासाठी नव्हे, सुरुंगांसाठी. फेब्रुवारी १९४१ मध्ये खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी अॅबिसिनियाच्या मोहिमेत चार दिवस जवळजवळ अखंड काम करून ५५ मैलांच्या वाटेवरची १५ सुरुंगक्षेत्रे मोकळी केली. त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या काळी सुरुंग शोधण्याची खात्रीची साधने म्हणजे डोळे आणि हात. त्यानंतर काही महिन्यांत, १९४१-४२ च्या हिवाळ्यात, स्कॉटलंडमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सैन्यातील युझेफ कोसात्स्की या अभियंत्याने एका सैनिकाला एकट्याने वापरता येईल असा सुरुंगशोधक तयार केला. ऑक्टोबर १९४२ च्या एल अलामीनच्या लढाईआधी असे सुमारे ५०० शोधक इजिप्तच्या वाळवंटात पोहोचले. वाट मोकळी करण्याचा वेग ताशी शंभर मीटरवरून दोनशे मीटरवर गेला. कोसात्स्कीने पेटंट घेतले नाही. रचना ब्रिटिश सैन्याला देऊन टाकली आणि मोबदल्यात त्याला राजाचे आभाराचे पत्र मिळाले. युद्धकाळात त्याचे नाव गुप्त ठेवले गेले आणि नंतरही ते फारसे लोकांपुढे आले नाही. आज सोन्यासाठी माळरानावर फिरणाऱ्या यंत्रांच्या पूर्वजांमध्ये माणसांचे प्राण वाचवणाऱ्या या यंत्राला मानाची जागा दिली पाहिजे.

वाळवंटात सोन्याची ढेकळे पृष्ठभागाजवळ का मिळतात, हे कळायला सोन्याचा जन्म पाहावा लागतो. पृथ्वीच्या पोटात, काही किलोमीटर खोलीवर, तापलेले खनिजयुक्त पाणी प्राचीन खडकांच्या भेगांतून वर सरकते. दाब आणि तापमान बदलले की त्यातले सिलिका पांढऱ्या गारेच्या शिरा होऊन बसते आणि सोबत सोनेही बसते. कोट्यवधी वर्षांच्या झिजेने वरचे डोंगर नाहीसे होतात आणि शिरा उघड्या पडतात. गार फुटते, भोवतालचा खडक माती होतो; सोने मात्र गंजत नाही आणि सहसा विरघळत नाही. त्याची घनता पाण्याच्या एकोणीस पटींहून जास्त, तर गारेची जेमतेम अडीच पटींहून थोडी अधिक. पुढचे काम वारा आणि क्वचित येणारे पूर करतात. खळ्यावर उफणणी करताना भुसा उडून जावा आणि दाणे पायाशी पडावेत, तशी हलकी वाळू निघून जाते आणि जड सोने मूळ शिरेच्या आसपासच राहते.

वाळवंटाचे आणखी दोन फायदे आहेत. झाडोरा नसल्याने थाळी जमिनीला टेकवून फिरवता येते. शिवाय तेथे पाणी नाही. सोने धुऊन काढण्याची जगभरची जुनी रीत पाण्यावर चालते, त्यामुळे कोरड्या मुलखातले पुष्कळ सोने पूर्वीच्या पिढ्यांच्या हाती लागलेच नाही. २०१२ साली सुदानच्या दारफूरमधल्या जबल आमिर येथे सोने सापडले आणि हजारो माणसे तिकडे धावली. पुढच्या काही वर्षांत हीच लाट चाड, नायजर आणि मॉरिटानियाच्या वाळवंटांत पसरली. तिची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जबल आमिरच्या ताब्यासाठी जानेवारी २०१३ मध्ये दोन जमातींत रक्तपात झाला आणि हजारो कुटुंबे बेघर झाली. सोने वेगळे करायला वापरला जाणारा पारा तिथल्या माणसांच्या शरीरात आणि विहिरींच्या पाण्यात उतरतो आहे.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांताचा मुलूख वाळवंटी नाही, पण ढेकळांचे विक्रम तिथलेच आहेत. १८६९ साली मोलियागुल येथे जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना झाडाच्या मुळाशी, जमिनीखाली जेमतेम इंचभर, सत्तर किलोंहून जड ढेकूळ मिळाले. तेव्हा डिटेक्टर नव्हता. १९८० साली किंगोवर येथे डिटेक्टरने शोधलेले ‘हँड ऑफ फेथ’ हे ढेकूळ २७ किलोंचे होते आणि ते फूटभर खोलीवर होते. एवढे मोठे सोनेसुद्धा फूटभर खोलीवरच सापडले, ही गोष्ट सहाव्या घाताचा नियम मनात ठेवून वाचावी.

ऑस्ट्रेलियात यंत्रापुढे एक मोठी अडचण उभी राहिली, आणि भुदरगडशी तिचा थेट संबंध आहे. तिथली लाल माती लोहखनिजांनी भरलेली आहे. त्यातल्या मॅग्हेमाइटसारख्या खनिजांचे बारीक कण चुंबकीय क्षेत्राला स्वतःच उत्तर देतात आणि धातू नसतानाही यंत्र ओरडत सुटते. यावरचा मोठा तोडगा अॅडलेडच्या ब्रूस कँडी या भौतिकशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात काढला. कॉइलमध्ये विजेचा झटका सोडायचा, तो एकदम तोडायचा आणि नंतरच्या काही दशलक्षांश सेकंदांत जमीन काय म्हणते ते ऐकायचे, ही पद्धत आधीपासून होती. कँडीने वेगवेगळ्या लांबीचे झटके वापरले. धातूतला प्रवाह एका ठरावीक वेगाने झपाट्याने विझतो. मातीचा प्रतिसाद वेळेच्या व्यस्त प्रमाणात रेंगाळत कमी होतो. विझण्याच्या या दोन तऱ्हा वेगळ्या असल्यामुळे योग्य क्षणांची मापे एकमेकांतून वजा करून मातीचा आवाज बराचसा पुसता येतो आणि सोन्याचा उरतो. जमिनीचा गोंगाट दाबून टाकण्याऐवजी त्याचा स्वभाव ओळखून तो वजा करण्याची ही कल्पना मोठी देखणी आहे.

गारगोटीच्या पश्चिमेकडील पठारांवर आणि भुदरगड किल्ल्याच्या माथ्यावर जांभा आहे. जांभा म्हणजे लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडे मागे ठेवून झिजलेला खडक. शेजारच्या राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडीला याच प्रकारच्या थरातून बॉक्साइट काढले गेले. जांभ्याखालच्या काळ्या पाषाणातही मॅग्नेटाइटचे कण असतात. अशा जमिनीवर साधा डिटेक्टर पावलोपावली वाजतो. या वाजण्याला ‘खाली धन आहे’ असे समजून खड्डे खणणाऱ्याला मिळतो तो लोहयुक्त दगड.

त्याहून मूलभूत गोष्ट खडकाच्या वयाची आहे. कोल्हापूर जिल्ह्याचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा आहे. या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, सोने टनामागे काही मिलिग्रॅम, तर खाणीला परवडणाऱ्या खडकात ते टनामागे काही ग्रॅम असते. हजार पटींचा हा फरक भरून काढतील अशा सोन्याच्या शिरा या लाव्हात नाहीत. दक्षिण भारताचे सोने अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या खडकांत आहे आणि त्या खडकांचा जो भाग इकडे असेल तो लाव्हाच्या थरांखाली गाडलेला आहे. दक्षिणेकडे जावे तसा लाव्हा पातळ होतो आणि बेळगाव जिल्ह्यात संपत जातो. गोकाकचा धबधबा ज्या वालुकाश्मावरून कोसळतो, तो लाव्हापेक्षा पुष्कळ जुना आहे. आणखी पुढे, गारगोटीपासून सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटरवर, गदगजवळच्या कप्पतगुड्डाच्या डोंगरात सोन्याचे खडक उघडे पडले आहेत.

या खडकांची पहिली नीट ओळख रॉबर्ट ब्रूस फूट यांनी करून दिली. १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरमला अश्मयुगीन हातकुऱ्हाड शोधणारे फूट पुरातत्त्वाच्या पुस्तकांत असतात. सोन्याच्या इतिहासात मात्र त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नोकरीत त्यांनी दक्षिण मराठा मुलूख पालथा घातला आणि १८७६ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याआधी १८७४ साली कप्पतगुड्डाच्या सोन्यावर त्यांचा अहवाल आला होता. तिथले जलगार हे सोने धुणारे लोक पावसाळ्यात ओढ्यांना पूर येऊन गेला की लाकडी पात्रात वाळू घेऊन ती पाण्यात हलवत, तळाशी काळी जड वाळू उरेपर्यंत, आणि त्या वाळूत सोन्याचे कण चमकत. फूट यांनी त्यांची कला कुतूहलाने पाहिली आणि तिचा पुरावा म्हणून उपयोग केला. कोणत्या ओढ्यात सोने मिळते आणि तो ओढा कोणत्या खडकांतून येतो, याची सांगड घालत त्यांनी सोन्याचा पट्टा ओळखला. पुढे १८८० च्या दशकात या जुन्या खडकांना धारवाड समूह म्हणून वेगळे करून दक्षिण भारताचे सोने मुख्यतः त्यांच्यातच आहे, असे त्यांनी मांडले. कोलार आणि हट्टी या खाणी अशाच खडकांतल्या. कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल जाऊन २००१ साली बंद झाली. कप्पतगुड्डाच्या परिसरातला शिरहट्टी तालुका फूट यांच्या काळी सांगली संस्थानात होता, त्यामुळे तिथली एक जुनी खाण भूविज्ञानाच्या नोंदींत आजही ‘सांगली माइन’ म्हणून ओळखली जाते. मराठी संस्थानाच्या नावाची सोन्याची खाण होती, पण ती लाव्हाच्या सीमेपलीकडे.

हाच नियम महाराष्ट्राच्या आतही लागू पडतो. २०२२ च्या अखेरीस चंद्रपूर आणि सिंधुदुर्गात सोन्याचे साठे असल्याचे संकेत मिळाल्याचे तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितले, तेव्हा मोठी चर्चा झाली. या दोन्ही जिल्ह्यांत लाव्हाच्या आधीचे खडक जमिनीवर आहेत, हा योगायोग नव्हे. पण संकेत म्हणजे खाण नव्हे. त्या दोहोंच्या मध्ये खोदकामाचे नमुने, पृथक्करण आणि खर्चाचा हिशेब अशी वर्षानुवर्षांची वाट असते.

कोल्हापुरात मातीतून सोने मिळवणारे लोक आहेत, पण ते डिटेक्टर वापरत नाहीत. सराफ कट्ट्यावर सोनारांच्या दुकानातला केर आणि गटारातला गाळ झारेकरी गोळा करतात. घमेल्यात पाणी घालून तो गाळ घोळवत ते वरचा हलका भाग ओतत जातात. शेवटी चमचाभर काळा जड गाळ उरतो. त्यातले कण वेगळे करून मुशीत वितळवले की कानशीतून आणि पॉलिशमधून गळालेल्या सोन्याची गुंज-दोन गुंजांची गोळी होते. जलगारांचे आणि झारेकऱ्यांचे विज्ञान एकच, घनतेचे. धुळीएवढे हे कण कोणत्याही डिटेक्टरला ऐकू येत नाहीत. या कष्टाच्या कामातही पारा आणि आम्ल उघड्या हातांनी वापरले जातात. झारेकऱ्यांना हातमोजे, मुखपट्टी आणि हवेशीर जागा मिळवून देणे हे सराफ संघटनांचे कर्तव्य आहे.

डिटेक्टर घेऊन किल्ल्यांवर जाणाऱ्यांना मात्र वेळीच अडवले पाहिजे. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खणणे गुन्हा आहे, आणि एक खड्डा इतिहासाचा एक थर कायमचा पुसून टाकतो. गुप्तधनाच्या नावाने चालणारे अघोरी प्रकार महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली येतात. नांगरताना एखाद्याला जुनी नाणी खरोखर सापडली, तर १८७८ चा निखात निधी कायदा त्याच्या बाजूने आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. त्या धनावर कोणाचा हक्क सिद्ध झाला नाही आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा असतो. सरकारला ते संग्रहालयासाठी हवे असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देऊन ते घेता येते. लपवणाऱ्याचा वाटा जातो आणि वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

भुदरगडच्या जांभ्यावर सोन्यासाठी डिटेक्टर फिरवणे म्हणजे पैसा आणि श्रम वाया घालवणे होय. गारगोटीच्या एखाद्या महाविद्यालयाने मात्र असे एक यंत्र प्रयोगशाळेसाठी जरूर घ्यावे. जांभा, काळा पाषाण आणि नदीची वाळू यांच्यावर ते धरून विद्यार्थ्यांनी तिन्हींचे प्रतिसाद मोजावेत. आपल्या जमिनीत काय आहे आणि काय नाही, हे त्यातून त्यांना स्वतःच्या हातांनी कळेल.