फुगलेलं आतडं निर्दोष असतं

बाळाला चार दिवस शी झालेली नसते. आजी विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवते, अलगद आत सरकवते आणि क्षणात दुपटं भरतं. ‘बघा, नुसतं अडकलं होतं!’ घरात सुटकेचा निःश्वास. नाजूक जागी इजा होऊ शकते, म्हणून डॉक्टर या देठाला नाकं मुरडतात. पण आजीचं निदान बहुतेक वेळा बरोबर असतं. एखाद्याच बाळाच्या बाबतीत नेमकी ही देठाने झालेली शी खरं दुखणं झाकून ठेवते.

त्या दुखण्याचं नाव हिर्शस्प्रुंग. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये बर्लिनच्या सभेत दोन बाळांची हकीकत मांडली. दोघांचंही मोठं आतडं अफाट फुगलेलं होतं. मग फुगलेला भागच रोगट, असं बहुतेक जण धरून चालले. सर्जन तो कापून काढत आणि त्रास पुन्हा सुरू होई. १९४८ मध्ये बोस्टनचे ऑर्व्हर स्वेन्सन यांनी उलटं दाखवलं: फुगलेला भाग बिचारा जोर लावून थकलेला असतो, दोष त्याच्या खालच्या, बारीक आणि निरुपद्रवी दिसणाऱ्या भागात असतो. गैरसमज फक्त आज्यांचेच असतात असं नाही.

आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचं जाळं असतं. त्याच्या इशाऱ्यावर आतडं आकसतं आणि सैल पडतं. गर्भावस्थेच्या पहिल्या तीन महिन्यांत या पेशी तोंडाकडून गुदद्वाराकडे सरकत जातात. मध्येच थांबल्या, तर पुढचा भाग त्यांच्याविना राहतो आणि कायम आवळलेला असतो. यात जनुकांचा, विशेषतः ‘रेट’ या जनुकाचा, वाटा असतो. आईने डोहाळ्यांत काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, याचा संबंध नाही. साधारण पाच हजार बाळांत एकाला हा आजार असतो. मुलींपेक्षा मुलांत तो जवळजवळ चौपट, आणि डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांत आणखी जास्त आढळतो.

मग ओळखायचा कसा? निव्वळ अंगावर पिणारं, महिना-दीड महिना उलटलेलं बाळ पाच-सात दिवस शी न करताही ठणठणीत असू शकतं. वजन वाढतंय, शी मऊ आहे, तर घुटीत हिरड्याचा वेढा वाढवायची गरज नाही. महत्त्वाची असते ती जन्मानंतरची पहिली, काळी-हिरवी, डांबरासारखी चिकट शी. पूर्ण दिवसांच्या दहांतल्या नऊहून अधिक बाळांना ती २४ तासांत होते, ४८ तासांत जवळपास सगळ्यांना. म्हणूनच तीन वर्षांच्या मुलाचं बद्धकोष्ठ घेऊन आलेल्या आईलाही जाणते डॉक्टर विचारतात, ‘पहिली शी कधी झाली होती?’ अर्थात ती वेळेवर झाली म्हणून आजार नाहीच, असंही म्हणता येत नाही. हिर्शस्प्रुंगच्या बऱ्याच बाळांना ती वेळेत झालेली असते.

सोफ्यामागे लपून, पाय आवळून शी रोखणारं, चड्डी खराब करणारं मूल बहुधा सवयीच्या बद्धकोष्ठाचं असतं. हिर्शस्प्रुंगचा त्रास जन्मापासूनचा: पोट ढोलासारखं, हातपाय काटकुळे, वजन अडलेलं. तपासणीत गुदाशय रिकामा लागतो आणि बोट बाहेर काढताच वारा आणि पातळ शी फवाऱ्यासारखी येते.

सर्वांत घातक समज वेगळाच आहे: जुलाब होतायत, म्हणजे आतडं मोकळं आहे. या मुलांच्या साठलेल्या आतड्याला जंतुसंसर्ग होऊन सूज येते. पोट टम्म, ताप, भपकारा मारणारे जुलाब, कधी हिरवी उलटी, बाळ मलूल. अशा वेळी जुलाब थांबवायचं औषध देत बसू नये, त्याच तासाला रुग्णालय गाठावं; उशीर जिवावर बेततो.

‘सोनोग्राफी नॉर्मल आली’ यावरही विसंबता येत नाही, कारण तिच्यात चेतापेशी दिसत नाहीत. औषध गुदमार्गाने सोडून काढलेला एक्स-रे दिशा देतो. खात्री मात्र बायोप्सीच करते. तान्ह्या बाळात ती बहुधा भूल न देताच होते. गुदाशयाच्या आतून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा ओढून घेतात. तिथे टोचल्याची वेदना जाणवत नाही, हे पालकांना सांगूनही पटत नाही.

शस्त्रक्रियेत चेतापेशीविरहित भाग काढून वरचं निरोगी आतडं खाली आणून जोडतात. पुष्कळदा ती पोटावर छेद न घेता गुदद्वारातूनच होते; आतडं फार फुगलेलं असेल तर आधी काही महिने पोटावर तात्पुरती वाट काढावी लागते. नंतर बहुतेक मुलं शाळेत जातात, खेळतात. काहींना बद्धकोष्ठ किंवा चड्डी खराब होण्याचा त्रास काही वर्षं राहतो. आतड्याची ती सूजही ऑपरेशननंतर उलटू शकते, त्यामुळे पोट फुगून ताप आला की ‘आता ऑपरेशन झालंय ना’ असं म्हणत घरी थांबता येत नाही.