ब्रेकची तबकडी हलकी करावी का?

वेगाने धावणारी मोटार थांबली, की तिच्या अंगची ऊर्जा कोठे जाते? ऊर्जा नाहीशी होत नाही, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले आहे. मग मोटारीची गतिज ऊर्जा गेली कोठे? तिचा फार मोठा भाग ब्रेकमध्ये जातो आणि तेथे तिची उष्णता होते. ब्रेक हे गाडी थांबवण्याचे साधन आहे असे आपण म्हणतो. पण पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर ब्रेक म्हणजे उष्णता साठवणारे एक भांडेच आहे.

शर्यतीच्या हौशी लोकांना आपली स्पोर्ट्स कार अधिक चपळ करण्याची फार आवड असते. जर्मनीतील न्युरबुर्गरिंग या सुमारे २१ किलोमीटर लांबीच्या वळणावळणाच्या मार्गावर पैसे भरून कोणालाही स्वतःची गाडी पळवता येते. अशा ठिकाणी जाणारे अनेक जण कारखान्यातून आलेल्या ब्रेकच्या जड तबकड्या काढून बाजारात मिळणाऱ्या हलक्या तबकड्या बसवतात. यात फायदा किती आणि धोका किती, ते आपण गणितानेच पाहू.

साडेपाच लिटर पाण्याला उकळी

चाकाबरोबर फिरणारी एक तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे दोन पॅड, अशी या ब्रेकची रचना असते. इंग्लंडमधील लँचेस्टर या अभियंत्याने १९०२ साली अशा ब्रेकचे पेटंट घेतले. पण त्याचे खरे सामर्थ्य जगाला दिसले ते १९५३ साली. फ्रान्समधील ल मां येथे होणाऱ्या २४ तासांच्या शर्यतीत तबकडीचे ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीने त्या वर्षी पहिला क्रमांक मिळवला. जुने ढोलाचे ब्रेक तापले की गाडी आवरेनाशी होई. तबकडी मात्र उघड्या हवेत फिरत असल्याने लवकर निवते.

आता गणित करू. गाडीचे वस्तुमान १,४०० किलोग्रॅम आणि वेग ताशी १८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मीटर धरा. गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. उत्तर येते १७ लाख ५० हजार ज्यूल. एवढ्या उष्णतेने २५ अंश सेल्सिअसचे साडेपाच लिटर पाणी उकळू लागेल! आणि ही सगळी ऊर्जा अवघ्या पाच सेकंदांत बाहेर पडते. दोन किलोवॅटच्या पावणेदोनशे विजेच्या शेगड्या एकदम पेटवाव्यात, तसा हा प्रकार आहे.

तीन किलोंची किंमत

ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे पुढच्या चाकांना अधिक काम पडते. पुढचे दोन ब्रेक मिळून ७० टक्के ऊर्जा घेतात असे समजू. म्हणजे पुढच्या एकेका तबकडीच्या वाट्याला सुमारे ६ लाख १० हजार ज्यूल आले. हवेचा विरोध वगैरे गोष्टी तूर्त सोडून देऊ.

तबकडी साधारणतः ओतीव लोखंडाची, म्हणजे बिडाची असते. एक किलोग्रॅम बिडाचे तापमान एक अंशाने वाढवण्यास सुमारे ४६० ज्यूल उष्णता लागते. तबकडीच्या ज्या कड्यावर पॅड घासतात, त्याचे वस्तुमान ८ किलोग्रॅम असेल तर एका थांबण्यात त्याचे तापमान सुमारे १६६ अंशांनी वाढेल. आता हलकेपणाच्या मोहाने त्या कड्यातून ३ किलोग्रॅम धातू कमी केला आणि ५ किलोग्रॅमच उरला, तर तापमान वाढेल सुमारे २६५ अंशांनी! ऊर्जा तेवढीच, पण ती ठेवायचे भांडे लहान झाले.

शर्यतीच्या मार्गावर एकदा ब्रेक लावून भागत नाही. तबकडी निवण्यापूर्वीच पुढचे वळण येते आणि तापमान वर चढत जाते. फार तापल्यावर पॅडमधील चिकट द्रव्याचा वायू होऊ लागतो आणि घर्षण घटते. याहून वाईट म्हणजे ब्रेकचे तेल उकळते. द्रव दाबला जात नाही, म्हणून तो पायाचा जोर पॅडपर्यंत जसाच्या तसा पोचवतो. पण तेलात वाफेचे बुडबुडे झाले की पाय दाबताच तेच दबतात. पेडल तळाला टेकते आणि गाडी तशीच पुढे धावत राहते.

हा धोका केवळ शर्यतीतला नाही. ५०० मीटर उंचीचा घाट उतरताना हीच गाडी सुमारे ६८ लाख ज्यूल ऊर्जा बाहेर टाकते. वरच्या हिशेबातील चार थांबण्यांइतकी. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी असे जाणते चालक सांगतात, ते याचसाठी. त्यामुळे काही भार इंजिन उचलते आणि ब्रेक कमी तापतो.

मग हलकेपणाचा फायदा कोणता?

फिरणारी वस्तू हलकी झाली की गाडी झपकन वेग घेते, असे सांगितले जाते. हे खरे असले तरी फायदा अगदी थोडा आहे. तबकडीचे कडे आसापासून सरासरी १३ सेंटिमीटरवर असते, तर टायरची त्रिज्या ३२ सेंटिमीटर असते. हिशेब केला तर कड्यातून काढलेले ३ किलोग्रॅम हे वेग घेताना फक्त साडेतीन किलोग्रॅमइतके भरतात. १,४०० किलोग्रॅमच्या गाडीला त्याचे काय!

खरा फायदा वेगळाच आहे. गाडीचा सांगाडा स्प्रिंगांवर तोललेला असतो. चाक, टायर आणि तबकडी मात्र स्प्रिंगांच्या खाली असतात. खाचखळगा आला की त्यांना झटकन वरखाली व्हावे लागते. हा भाग जितका हलका, तितके चाक रस्त्याला चिकटून राहते आणि वळणावर पकड सुटत नाही.

वजन कोठून काढावे?

चांगले कारागीर यावर युक्ती काढतात. तबकडीचा मधला, टोपीसारखा भाग चाकाच्या तुंब्यावर बसतो. त्यावर पॅड घासत नाहीत, म्हणून झटक्याने ब्रेक लावताना त्यात फारशी उष्णता शिरत नाही. ही टोपी बिडाऐवजी अॅल्युमिनियमची केली तर २ किलोग्रॅमच्या जागी एक किलोग्रॅमच्या आतच काम भागते. बाहेरचे बिडाचे कडे पूर्वीएवढेच राहते, म्हणजे उष्णतेचे भांडे लहान होत नाही.

पण तापलेले कडे प्रसरण पावते. ३५ सेंटिमीटर व्यासाचे कडे ४०० अंशांनी तापले तर त्याचा व्यास सुमारे दीड मिलिमीटर वाढतो. मधली टोपी तेवढी वाढत नाही. म्हणून दोहोंना घट्ट न जखडता, कड्याला किंचित सरकता येईल अशा खुंट्यांनी जोडतात.

तबकडीला भोके पाडूनही वजन थोडे कमी होते, पण पुन्हा पुन्हा तापण्या-निवण्याने त्या भोकांच्या कडांपासून तडे जाऊ लागतात. त्यापेक्षा दोन पृष्ठांमधील पोकळी महत्त्वाची. तिच्यातील पात्यांमुळे फिरती तबकडी पंख्याप्रमाणे मधून हवा ओढते आणि कडेने बाहेर फेकते.

आणखी एक मार्ग म्हणजे पदार्थच बदलणे. पोर्शे कंपनीने २००१ साली आपल्या एका गाडीला कार्बनचे धागे आणि सिलिकॉन कार्बाइड यांपासून केलेल्या तबकड्या बसवल्या. त्या बिडाच्या तबकड्यांपेक्षा सुमारे निम्म्या वजनाच्या असतात. हा पदार्थ दर किलोग्रॅमला बिडापेक्षा अधिक उष्णता घेतो आणि बीड टिकणार नाही अशा तापमानालाही टिकतो. मात्र त्याची किंमत फार असते.

करून पहा

घरातील मोठ्या माणसांना जवळ घेऊन हा प्रयोग करा. एका भांड्यात एक पेला पाणी घ्या, तशाच दुसऱ्या भांड्यात दोन पेले. दोन्ही भांडी एकाच आचेवर एकामागून एक दोन दोन मिनिटे ठेवा आणि तापमापकाने तापमान मोजा. कोठे अधिक वाढ झाली? किती पट?

आता एक उदाहरण सोडवा. हीच गाडी ताशी १८० ऐवजी ९० किलोमीटर वेगाने धावत असताना थांबवली, तर ८ किलोग्रॅमच्या कड्याचे तापमान किती अंशांनी वाढेल? उत्तर ८३ आले असेल तर सूत्रातील वेगाच्या वर्गाकडे पुन्हा एकदा पहा.