ऑक्सिजन जास्त झाला तर?

"दम लागला म्हणून ऑक्सिजन थोडा वाढवला," असे नातेवाईक सांगतात तेव्हा मला जोसेफ प्रीस्टली आठवतात. इंग्लंडमधले हे धर्मोपदेशक, तेही राजमान्य चर्च न मानणारे. १७७४ मध्ये त्यांनी भिंगाने पाऱ्याचे लाल भस्म तापवले. निघालेल्या वायूत मेणबत्ती भडकून जळाली. पुढे त्यांनी तो स्वतः श्वासातून घेतला. छाती हलकी वाटली. तरी निरोगी माणसाचे आयुष्य यात मेणबत्तीसारखे भराभर जळेल का, ही शंका त्यांनी लिहून ठेवली.

कारण वेगळे, पण शंका रास्त. सीओपीडीच्या बऱ्याच रुग्णांत ऑक्सिजनची पातळी ८८ ते ९२ टक्के पुरते. जास्त दिल्यास रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते. त्यामुळे फ्लो परस्पर वाढवू नका. दम वाढला तर लगेच डॉक्टरांना कळवा. गुंगी दिसली तर थेट रुग्णालय गाठा. आणि हो, मशीनजवळ देवाचा दिवा, उदबत्ती, बिडी नको.