काचेपलीकडचा शेजारी

डहाणूहून सुरतेकडची गाडी पकडली की मला दरवेळी एका माशाची आठवण होते. ‘इट्रोप्लस सुराटेन्सिस’. बर्लिनच्या मार्कस ब्लॉख या डॉक्टरने 1790 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि नावात सुरत कायमची अडकली. गोव्यात हाच काळुंदर, केरळात करिमीन. कूळ सिक्लिड. तलासरीच्या बाजारात दिसणारी तिलापिया, उजनीकडची चिलापी, तीही याच कुळातली. मात्र मूळची आफ्रिकेची, 1952 साली आपल्याकडे आणलेली. घरच्या टाकीत मिरवणारे ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न हे त्यांचेच भाऊबंद. आणि भाऊबंद म्हटले की भाऊबंदकी आलीच.

माझी तिच्याशी गाठ पडली तीन वर्षांपूर्वी. कुर्ल्याहून कन्व्हिक्ट सिक्लिडची सहा पिल्लं आणली होती. कन्व्हिक्ट म्हणजे कैदी; अंगावरच्या काळ्या पट्ट्यांवरून पडलेलं नाव. मोठी झाल्यावर त्यांतल्या एका नर-मादीने जोडी जमवली, फुटक्या कुंडीत अंडी घातली आणि तीन फुटी टाकीतला बहुतेक सातबारा आपल्या नावावर करून घेतला. उरलेले चौघे फिल्टरच्या मागे दाटीवाटीने राहू लागले. एकाची शेपटी पार कुरतडलेली पाहून मला दया आली. चौघांना मी तलासरीला ताईच्या अंगणातल्या हौदात नेऊन सोडलं. (हौदातच. परके मासे ओढ्यात किंवा धरणात सोडण्याचं पाप नको.) आता जोडी सुखात राहील, अशी माझी समजूत. आठव्या दिवशी सकाळी मादी तळाशी पडलेली होती, अंगावरचे खवले उडालेले. टाकीत तिच्याशिवाय फक्त नरच होता.

असं का झालं, ते नंतर कॉनराड लॉरेन्ट्झच्या 1963 सालच्या, आक्रमकतेवरच्या पुस्तकात वाचलं. हा ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ. 1973 च्या नोबेलचा एक मानकरी. त्याचं निरीक्षण असं: सिक्लिडचा नर मादीच्या अंगावर धावून जातो, पण ऐनवेळी तिला चुकवून पलीकडच्या शेजाऱ्यावर तुटून पडतो. शेजारीच नसेल तर तो राग मादीवर निघतो. लॉरेन्ट्झकडे एका टाकीत मधोमध काच घालून दोन जोड्या ठेवल्या होत्या. काचेवर शेवाळ चढून पलीकडचं दिसेनासं झालं की दोन्ही घरांत भांडणं सुरू व्हायची. काच पुसली की शांतता. यावरून त्याने माणसांबद्दल काढलेले निष्कर्ष अनेकांना पटले नाहीत, मलाही नाहीत. पण माशांपुरतं त्याचं म्हणणं माझ्या टाकीने सिद्ध केलं होतं, आणि ते करायला मीच मदत केली होती.

बाकीची काळजी तशी सोपी. दगड आणि कुंड्या अशा रचाव्यात की एका कोपऱ्यातून दुसरा दिसू नये. न दिसणाऱ्याचा पाठलाग होत नाही. नवा मासा सोडताना सगळी मांडणी बदलावी, म्हणजे जुन्यांच्या हद्दीही पुसल्या जातात आणि सगळेच नवखे ठरतात. मलावी सरोवरातल्या एम्बुना जातींना उलट थोडी गर्दीच मानवते. दोनतीनच असतील तर दुबळ्याचा जीव जातो. पंधरावीस असले की मार सगळ्यांत वाटला जातो. मात्र तेवढ्यांसाठी टाकी मोठी लागते, फिल्टर दांडगा लागतो, आणि पाणी दर आठवड्याला थोडं थोडं बदलावं लागतं. तेवढी सवड नसेल तर एम्बुनाच्या वाटेला जाऊ नये.

आता माझ्याही टाकीत मधोमध काच आहे, दोन्हीकडे एकेक जोडी. पुढची काच आळसाने मळते, मधली मात्र दर रविवारी पुसतो. हौदातल्या चौघांपैकी तिघे अजून आहेत, कुरतडलेल्या शेपटीचाही. ताई त्यांना भाताची शितं घालते, मी कितीही नको म्हटलं तरी.