कर्जतचं मागचं इंजिन

कोंडाण्याची लेणी पाहायला निघालात, म्हणजे आधी कर्जत स्टेशन येतं. तिथे पुण्याकडे जाणाऱ्या पुष्कळ गाड्यांना मागून बँकर, म्हणजे रेटा देणारी इंजिनं जोडतात. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट. पुढच्या इंजिनाला तो एकट्याने झेपत नाही. घाट संपला की बँकर सुटतात आणि दुसऱ्या गाडीला उपयोगी पडतात.

संगणकांच्या दुनियेतही आज हाच हिशेब चालतो, बरं का!

मोबाईलवर आपण क्रिकेटचा सामना पाहतो, तेव्हा पलीकडे अनेक प्रोग्राम राबत असतात. एक आपलं खातं तपासतो, दुसरा धावफलक दाखवतो. प्रत्येक प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सामानासकट जणू एका डब्यात बांधतात. हा कंटेनर. पण असे शेकडो डबे कोणत्या संगणकावर ठेवायचे, बंद पडले तर कोणी उठवायचे? हे काम कुबरनेटिस नावाची यंत्रणा करते. शब्द ग्रीक, अर्थ, सुकाणू धरणारा. गूगलने ती २०१४ साली सर्वांसाठी खुली केली.

तिला आपण एवढंच लिहून द्यायचं: 'धावफलकाचे १० डबे सदैव चालू असावेत.' ती सारखी मोजत राहते. ९ भरले, की दहावा उभा करते. एखादा संगणकच बसला, तर त्यावरचे डबे दुसरीकडे नव्याने चालू करते. प्रोग्रामची नवी आवृत्ती आली, तर थोडे थोडे डबे बदलते. पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही.

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडेवर भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना झाला. तेव्हाच्या डिस्ने प्लस हॉटस्टारवर तो एकाच वेळी ५ कोटी ३० लाखांपर्यंत प्रेक्षक पाहत होते. त्यामागे हीच यंत्रणा होती.

मग माणसाला काम काय उरलं, असं तुम्ही विचाराल. गाडी येण्याआधी बँकर कर्जतला उभा हवा ना? नवा संगणक कामाला लागायला काही मिनिटं जातात. विकेट एका चेंडूत पडते आणि गर्दी क्षणात उसळते. म्हणून मोठ्या सामन्याला जादा संगणक आधीच सज्ज ठेवावे लागतात. शिवाय तो १० चा आकडा माणसानेच लिहिलेला. चुकीचा प्रोग्राम दिलात, तर यंत्रणा त्याचेही १० डबे इमानाने चालवील!

सुकाणू तिच्या हाती. बंदर कोणतं, हे ठरवायचं आपण.