औषध सर्वांसाठी

धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या शेतात ज्वारी काढताना आज कोणाच्या हाताला विळा लागला आणि जखम चिघळली, तर त्याला जवळच्या आरोग्य केंद्रात नेतात. डॉक्टर जखम धुतात, पट्टी बांधतात आणि खाण्यासाठी गोळ्या देतात. थोड्याच दिवसांत जखम भरून येते व तो माणूस पुन्हा कामाला लागतो. ह्यात आपल्याला काही नवल वाटत नाही. परंतु शंभर वर्षांपूर्वी अशी साधी जखमही कित्येकदा प्राणावर बेतत असे. प्लेगची साथ आली म्हणजे तर गावेच्या गावे ओस पडत. लोक घरे सोडून रानात झोपड्या बांधून राहत. 1896 मध्ये मुंबईत प्लेगचा शिरकाव झाला आणि पुढील अर्धशतकात ह्या रोगाने भारतात एक कोटीहून अधिक माणसांचा बळी घेतला.

ह्या रोगावर पहिली लस डॉ. वाल्डेमार हाफकिन ह्यांनी 1897 मध्ये मुंबईतच तयार केली. तिचा पहिला प्रयोग त्यांनी स्वतःच्याच शरीरावर केला. त्यांनी सुरू केलेली प्रयोगशाळा 1899 मध्ये परळ येथील जुन्या राजभवनात आली. तीच आजची हाफकिन संस्था होय. परंतु लस ही रोग येण्यापूर्वीची तटबंदी आहे. शत्रू एकदा तट ओलांडून आत शिरला, म्हणजे तिचा उपयोग होत नाही. आजारी पडलेल्या माणसाला कसे वाचवावे, हा प्रश्न तसाच राहिला होता.

1932 मध्ये डॉ. साहिबसिंग सोखी हे हाफकिन संस्थेचे संचालक झाले. ह्या पदावर येणारे ते पहिले भारतीय होत. त्यांचा जन्म 1887 साली पंजाबात झाला होता. लष्करी वैद्यकीय सेवेतून आलेल्या ह्या शिस्तप्रिय डॉक्टरांनी परळची प्रयोगशाळा हीच आपली रणभूमी मानली. त्या सुमारास युरोपात सल्फा नावाच्या नव्या औषधांचा शोध लागला होता. ही औषधे शरीरातील जंतूंची वाढ रोखीत. प्लेगच्या जंतूंवर त्यांचा परिणाम होईल काय, हे सोखी व त्यांचे सहकारी डॉ. भालचंद्र दीक्षित ह्यांनी प्लेगची बाधा झालेल्या उंदरांवर तपासून पाहिले. 1940 मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर प्लेगच्या रुग्णांवर ह्या औषधांचा उपचार करण्यात आला, तेव्हा मृत्यूचे प्रमाण बरेच खाली आले. ज्या रोगाने निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत, त्या रोगावर माणसाला अखेर उपाय सापडला होता.

ह्याच काळात आणखी एक मोठा शोध मानवाच्या हाती येत होता. 1928 मध्ये लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांना असे आढळले, की एका विशिष्ट बुरशीभोवती जंतू वाढू शकत नाहीत. त्या बुरशीतून पुढे पेनिसिलीन हे औषध मिळाले. 1943 मध्ये अमेरिकेत मातीतील सूक्ष्मजीवांपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. प्लेग व क्षय ह्या दोन्ही रोगांवर ते गुणकारी ठरले. एका सूक्ष्मजीवाने निर्माण केलेला व दुसऱ्या जंतूंना मारणारा किंवा त्यांची वाढ थांबवणारा असा जो पदार्थ, त्यास प्रतिजैविक असे म्हणतात.

परंतु शोध लागला म्हणून औषध खेड्यातील रुग्णाच्या उशाशी आपोआप येत नाही. ते परदेशातून विकत आणावे लागे, आणि पैसा नसेल त्याला ते असून नसल्यासारखेच. रोगजंतू श्रीमंताचे घर व गरिबाची झोपडी असा भेद करीत नाहीत. मग औषधाने तरी तो का करावा? सोखी ह्यांनी ह्या प्रश्नाचाही पाठपुरावा केला. स्वतंत्र भारताची योजना आखण्यासाठी 1938 मध्ये राष्ट्रीय नियोजन समिती नेमली गेली. तिच्या आरोग्यविषयक उपसमितीचे ते अध्यक्ष होते. दर हजार वस्तीमागे एक आरोग्यसेवक असावा, अशी शिफारस ह्या उपसमितीने केली. औषधे आपल्याच देशात व सरकारी कारखान्यांत तयार व्हावीत, ह्या मताचा सोखी ह्यांनी सतत पुरस्कार केला. 1949 ते 1952 ह्या काळात जागतिक आरोग्य संघटनेत उच्चपदावर असतानाही त्यांनी हा आग्रह सोडला नाही.

1954 मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ ह्या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांनी त्यास साहाय्य केले. पुढल्याच वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. प्रचंड टाक्यांत साखर व इतर पोषक द्रव्यांचे पाणी घालून त्यात बुरशी वाढवीत व तिला शुद्ध हवा पुरवीत. नंतर ते पाणी गाळून त्यातील औषध वेगळे काढीत, व शुद्ध करून त्याची पूड लहान बाटल्यांत भरीत. 1960 च्या दशकाच्या आरंभी तेथील शास्त्रज्ञ डॉ. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी ह्यांनी पिंपरीच्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून ‘हॅमायसिन’ हे बुरशीजन्य रोगांवरील नवे प्रतिजैविक शोधून काढले. त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव गुंफलेले आहे. आपल्या पायाखालच्या मातीतच हे धन दडले होते!

सोखी 1971 मध्ये निवर्तले. 2005 पासून गावोगावी आशा सेविका काम करू लागल्या. साधारण हजार वस्तीमागे एक, हेच त्यांचेही प्रमाण आहे. ज्या औषधासाठी एकेकाळी धाराशिवच्या शेतकऱ्याला परदेशाकडे पाहावे लागले असते, ते आज त्याला गावाजवळ मिळते.

मात्र हे धन जपून वापरले पाहिजे. औषध अपुरे घेतले, तर जंतू त्यास सरावतात, असा इशारा फ्लेमिंग ह्यांनी 1945 मध्येच दिला होता. आज तो खरा ठरत आहे. काही जंतूंवर जुन्या औषधांचा परिणाम होईनासा झाला आहे. म्हणून साध्या सर्दीसाठी प्रतिजैविक मागू नये. डॉक्टरांनी दिले असेल, तर बरे वाटू लागले तरी ते सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्यावे. कष्टाने मिळवलेले हे शस्त्र आपल्या निष्काळजीपणामुळे बोथट होऊ न देणे, हेच ह्या संशोधकांचे ऋण फेडणे होय.