मोठा स्पेल ओळखायचा कसा?

जानेवारी 1964, मद्रास : 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा, एकही बळी नाही. एप्रिल 2024, तेच शहर : 3 षटकं, एकही निर्धाव नाही, 27 धावा, 4 बळी. पहिली ओळ नाशिकच्या बापू नाडकर्णींची, इंग्लंडविरुद्धच्या कसोटीतली. दुसरी कल्याणच्या तुषार देशपांडेची, आयपीएलमध्ये हैदराबादविरुद्धची. एकाने षटकाला धावही धड दिली नाही, दुसऱ्याने षटकामागे नऊ दिल्या. तरीही दोन्ही कामगिऱ्या मोठ्याच आहेत. आकड्यांत काहीही साम्य नसताना दोन्ही मोठ्या ठरतात, त्या अर्थी गोलंदाजीचं मोठेपण धावफलकाच्या त्या चार रकान्यांत मावत नाही. ते वाचण्याची सवय लावून घ्यावी लागते.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पट्ट्याला फलंदाजीचं मोठेपण चांगलं ठाऊक आहे. अजिंक्य रहाणे डोंबिवलीतला. जानेवारी 2016 मध्ये कल्याणच्या मैदानावर प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद 1009 धावा केल्या आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत कल्याणचं नाव छापून आलं. फलंदाजाची कामगिरी एका आकड्यात सांगता येते आणि तो आकडा कुणालाही कळतो. गोलंदाजाच्या कामगिरीला मात्र प्रत्येक वेळी पुरवणी माहिती लागते : कोणत्या खेळपट्टीवर, कुणाविरुद्ध, किती वाजता, दुसऱ्या टोकाला कोण होतं.

नाडकर्णींपासूनच सुरुवात करू. त्या डावात त्यांनी सलग 21 षटकं निर्धाव टाकली, लागोपाठ 131 चेंडूंवर धाव निघाली नाही. सरावाच्या वेळी खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावरच चेंडू टाकायचा, ही त्यांची सवय प्रसिद्ध आहे. पण एका जागी चेंडू टाकणं एवढ्यानेच हा स्पेल मोठा होत नाही. त्याच डावात दुसरीकडे पुण्याच्या चंदू बोर्डेंनी 88 धावांत 5 बळी घेतले, आणि ती त्यांच्या कसोटी कारकिर्दीतली सर्वोत्तम कामगिरी ठरली. एका टोकाने धावा आटल्या की फलंदाज दुसऱ्या टोकाला हात मोकळे करायला बघतो. बोर्डेंच्या त्या पाच बळींत नाडकर्णींचा वाटा किती, हे कोणताही रकाना सांगत नाही. गोलंदाजी जोडीने होते आणि हिशेब मात्र एकेकट्याचा ठेवला जातो.

आता तुषार. लहानपणी वडिलांबरोबर शिवाजी पार्क जिमखान्याच्या निवड चाचणीला गेला असता फलंदाजांची रांग लांबलचक दिसली, गोलंदाजांची आखूड, म्हणून तो आखूड रांगेत जाऊन उभा राहिला, असं त्याने मुलाखतींत सांगितलं आहे. त्या मुलाने पुढे 28 एप्रिल 2024 ला चेन्नईच्या चेपॉक मैदानावर जे केलं, ते समजायला आधीचे दोन आठवडे आठवावे लागतात. 15 एप्रिलला हैदराबादने बंगळूरूविरुद्ध 287 धावा केल्या होत्या. 20 तारखेला दिल्लीविरुद्ध पहिल्या सहा षटकांतच बिनबाद 125. ट्रॅव्हिस हेड आणि अभिषेक शर्मा समोर असताना नवा चेंडू हातात घेणं, हेच त्या दिवसांत धाडस होतं. तुषारने हेड आणि त्याच्या पाठोपाठ अनमोलप्रीत सिंग यांना लागोपाठच्या चेंडूंवर बाद केलं, मग अभिषेकलाही घालवलं. त्याच्या चेन्नई संघाने 78 धावांनी सामना जिंकला. अशा सामन्यात षटकामागे 9 धावा महाग म्हणता येत नाहीत. फटका मारायला निघालेल्या माणसाला तो फटका चुकीच्या जागी मारायला लावणं, हे इथलं काम होतं. हेड आणि अभिषेक दोघेही सीमारेषेजवळ झेल देऊन गेले, म्हणजे सापळा बरोबर जागी लावलेला होता.

तुषारच्या त्या जिमखान्याचे थोर गोलंदाज म्हणजे पद्माकर शिवलकर. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात, चेपॉकवरच, त्यांनी तमिळनाडूविरुद्ध 16 धावांत 8 आणि 18 धावांत 5 बळी घेतले, आणि मुंबईने सलग पंधराव्यांदा रणजी करंडक जिंकला. यावर एक शंका नेहमी घेतली जाते : खेळपट्टी फिरकीला साथ देत होती, मग त्यात विशेष काय? शंका रास्त आहे आणि तिचं उत्तरही त्याच सामन्यात आहे. समोरच्या संघात व्यंकटराघवन यांच्यासारखा कसोटी दर्जाचा फिरकी गोलंदाज होता आणि त्यालाही तीच खेळपट्टी मिळाली होती. साथ सगळ्यांना होती, 34 धावांत 13 बळी एकाच माणसाचे होते. फिरणाऱ्या खेळपट्टीवर गोलंदाजाला हाव सुटते, तो प्रत्येक चेंडू वळवायला जातो आणि टप्पा सुटतो. तिथे हात आवरून धरणारा खरा. प्रथम श्रेणीत 589 बळी घेऊनही शिवलकरांना एकही कसोटी मिळाली नाही. नुसते रकाने वाचणाऱ्यांना तर हे मुळीच उमगणार नाही.

पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरचा शार्दूल ठाकूर किटबॅग घेऊन लोकलने मुंबई गाठत मोठा झाला. 4 जानेवारी 2022 ला जोहान्सबर्गला त्याने 61 धावांत 7 बळी घेतले. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कोणत्याही भारतीयाची कसोटीतली ही सर्वोत्तम कामगिरी. हा स्पेल जवळून पाहण्यासारखा आहे. सिराजचा स्नायू दुखावलेला, म्हणजे एक गोलंदाज जवळजवळ कमी. डीन एल्गर आणि कीगन पीटरसन यांची जोडी जमलेली, धावसंख्या 1 बाद 88. एल्गरने शंभराहून जास्त चेंडू खेळून काढले होते. शार्दूलचा वेग बुमराहचा नाही, उंची शमीपेक्षाही कमी. त्याच्याकडे होती ती सीम हवेत किंचित हलती ठेवून टप्प्यावर चेंडू टाकत राहण्याची चिकाटी. असा चेंडू पडल्यावर आत येईल की बाहेर जाईल, हे फलंदाजाला हातावरून वाचता येत नाही. एल्गरची कड यष्टीमागे पंतकडे गेली, पीटरसनची स्लिपमध्ये. जेवणाच्या सुट्टीआधी व्हॅन डर डुसेनही गेला : 4 बाद 102. सुट्टीनंतर व्हेरेन आणि बवुमा पुन्हा जमले, तेव्हा ती जोडीही त्यानेच फोडली. सातातले पाच बळी पहिल्या सहा फलंदाजांचे होते, आणि दोन्ही वेळा जमलेली जोडी फुटली होती. शेपूट गुंडाळून मिळवलेल्या सातांपेक्षा हे सात निराळे.

भारत ती कसोटी सात गडी राखून हरला. मग शार्दूलची कामगिरी लहान झाली का?

या प्रश्नावर बेसबॉलवाल्यांनी आपल्यापेक्षा जास्त डोकं चालवलं आहे. तिथे पिचर 18.44 मीटरवरून चेंडू फेकतो. टप्पा नसतो, खेळपट्टीची मदत नसते. बोटांची पकड, चेंडूची फिरकी आणि वेगातला फसवा बदल, एवढीच शस्त्रं. बिल जेम्स या अभ्यासकाने पिचरच्या दिवसाला गुण देण्याची पद्धत काढली, तिचे मुख्य नियम असे : 50 पासून सुरुवात, बाद केलेल्या प्रत्येक फलंदाजाला 1 अधिक, तीन स्ट्राइकवर (फटका मैदानात न जाऊ देता) घालवला तर आणखी 1, दिलेल्या प्रत्येक हिटचे (फलंदाजाला बेसवर नेणाऱ्या फटक्याचे) 2 वजा, पिचरच्या माथी येणाऱ्या प्रत्येक धावेचे 4 वजा. 6 मे 1998 ला शिकागोच्या वीस वर्षांच्या केरी वुडने 20 जणांना स्ट्राइकवर घालवलं, तेव्हा या पद्धतीने 105 गुण झाले. सामना कुणी जिंकला, याला त्यात एकही गुण नाही. हा विचार मला फार मोलाचा वाटतो. 26 मे 1959 ला पिट्सबर्गच्या हार्वी हॅडिक्सने लागोपाठ 36 फलंदाज बाद केले, एकालाही पहिल्या बेसवर पोचू दिलं नाही. त्याच्या संघाला धावच करता आली नाही आणि तेराव्या डावात तो सामना हरला. तरी बेसबॉलच्या सर्वांत थोर दिवसांत तो दिवस मोजला जातो.

क्रिकेटमध्येही हेच दिसतं. मुंबईत जन्मलेल्या एजाज पटेलने डिसेंबर 2021 मध्ये वानखेडेवर भारताचे दहाच्या दहा बळी 119 धावांत घेतले. न्यूझीलंडचा संघ 62 त कोसळला आणि 372 धावांनी हरला. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये त्याच मैदानावर त्याने सामन्यात 11 बळी घेतले आणि न्यूझीलंडने मालिका 3-0 अशी जिंकली. निकाल उलटसुलट लागले, पण दोन्ही वेळा त्याची कला तीच होती.

आपल्या पट्ट्यात पिचरच्या सर्वांत जवळचा माणूस मात्र टेनिस बॉलचा गोलंदाज आहे. ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात मार्च 2024 मध्ये इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला, दहा षटकांचे सामने, टेनिस बॉलचे. या चेंडूला उठावदार शिवण नाही. टप्पा जरा आखूड पडला की तो उभा राहतो आणि फलंदाज स्टँडमध्ये भिरकावतो. म्हणून गोलंदाजाला यॉर्कर पायात घालावा लागतो, हात जोरात फिरवून चेंडू मात्र बोटांतून उशिरा, हळू सोडावा लागतो. एका षटकात सहा वेगळे चेंडू टाकून केवळ आठ धावा देणारा असा गोलंदाज सामना फिरवतो. सामनावीराचा चषक बहुतेक वेळा षटकार मारणाराच घेऊन जातो.

म्हणून मोठा स्पेल ओळखायचा, तर बळी मिळालेल्या चेंडूच्या मागचे पाच चेंडू पाहावेत. गोलंदाजाने फलंदाजाला पुढे ओढलं का, मागे ढकललं का, त्याची आवडती धाव बंद केली का, आणि चौकार खाल्ल्यावरही पुढचा चेंडू ठरवल्या जागी टाकला का? समोर कोण होतं, त्याच खेळपट्टीवर इतरांनी काय केलं, संघ कोणत्या अडचणीत होता, हेही विचारावं. निकाल सगळ्यांत शेवटी बघावा. ठाण्या-कल्याणच्या मैदानांवर रविवारी सकाळी शेकडो पोरं पॅड बांधून रांगेत उभी असतात. आखूड रांगेतल्या पोराने टाकलेल्या निर्धाव षटकालाही टाळी वाजवणारे प्रेक्षक आणि त्याला शाबासकी देणारे प्रशिक्षक भेटले, तर इथून गोलंदाजही घडतील. शून्य बळींचा स्पेल कळणारा प्रेक्षक, ही गोलंदाजाची पहिली गरज आहे.